फक : राजाच्या परवानगीची पाटी खरी नव्हे

राजाच्या परवानगीने संग करणाऱ्या जोडप्याच्या दारावर पाटी लागायची आणि तिच्या आद्याक्षरांतून 'फक' ही इंग्रजी शिवी बनली, अशी एक कथा फिरत असते. ती कृपया पुढे पाठवू नका. आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली. हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. मूळ जर्मानिक (इंग्रजी, डच, जर्मन ज्या भाषाकुळातल्या ते) आहे, त्याचे भाऊबंद डच आणि जर्मनमध्येही सापडतात.

मला सर्वांत आवडणारा पुरावा पंधराव्या शतकातल्या एका कवितेतला. अर्धी लॅटिन, अर्धी इंग्रजी. केंब्रिजचे कार्मेलाइट (एका कॅथलिक पंथाचे) साधू स्वर्गात जाणार नाहीत, असं कवी म्हणतो आणि कारण मात्र सांकेतिक लिपीत देतो: जी, एक्स, डी, डी, बी, ओ, व्ही. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं (तेव्हा यू आणि व्ही एकच अक्षर धरत आणि डब्ल्यू वेगळं अक्षर धरत नसत). जीचा एफ, एक्सचा यू, दोन डींचे दोन सी... हाती येतो 'फक्कंट'. इंग्रजी धातू आणि शेपूट लॅटिन क्रियापदाचं! म्हणजे शब्द तेव्हाही उघड लिहिण्याजोगा नव्हता, पण वाचणाऱ्याला लगेच कळणार याची कवीला खात्री होती.

पुढे १५२८मध्ये एकाने रोमन लेखक सिसेरोच्या हस्तलिखिताच्या समासात मठाधिपतीला याच शब्दाचं विशेषण लावलं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशात मात्र शब्द नाही, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो आला थेट १९७२च्या पुरवणीत. बोलण्यात तो इतकी शतकं जिवंत होता, हे विसरू नये.