मदत हवी आहे : मिगेलितो कुनीची कोणती रेकॉर्डिंग्ज ऐकू?

सध्या 'सोन' हा क्यूबन नाच-गाण्याचा प्रकार गाणाऱ्या मिगेलितो कुनीने पार वेड लावलंय. जन्म 1917, क्यूबातल्या पिनार देल रिओचा. आधी त्रेस (गिटारसारखं क्यूबन तंतुवाद्य) वाजवणाऱ्या अर्सेनियो रोद्रिगेसच्या ताफ्यात गायला, नंतर ट्रम्पेटवादक फेलिक्स चापोत्तिनबरोबर. गाण्याच्या उत्तरार्धात कोरस एकच ओळ धरून ठेवतो, कुनी दर खेपेला नवीन जागा घेतो आणि मागून चापोत्तिनचा ट्रम्पेट उसळतो. अंगावर काटा येतो! आवाज खणखणीत, तरी लयीवर किती निवांत.

अर्सेनियोच्या काळातल्या 78 आरपीएम तबकड्यांचं चांगलं संकलन कुणाला माहीत आहे का? खरखर चालेल, पण ती काढताना आवाजाची धार घालवलेली नको. अर्सेनियोचा त्रेस स्पष्ट ऐकू यायला हवा. आणि कुनीचे बोलेरो (संथ लयीतली प्रेमगीतं) ऐकायला कुठून सुरुवात करू?