शहर आणि शेत: मधल्या पाच दिवसांत झाडांना पाणी कसं द्यावं? मदत हवी आहे

दोन_घरं

नमस्कार मंडळी. सोमवार ते शुक्रवार शहरात नोकरी आणि शनिवार-रविवार शेतावर अशी विभागणी आहे. पुढची काही वर्षं ती अशीच राहील. मधल्या पाच दिवसांत शेतावर कोणी राहत नाही. त्या दिवसांची घडी बसवायला मदत हवी आहे. आत्ताची मांडणी अशी:

दोन एकर, मध्यम भारी जमीन, एका अंगाला उतार. १५० फळझाडं. त्यातली निम्मी मोठी, फांद्यांचा घेर (आडवा पसारा) साधारण ४ मीटर, प्रत्येकी तासाला ४ लिटर देणारे चार ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं). उरलेली निम्मी यंदा लावलेली रोपं, प्रत्येकी ४ लिटरचा एक ड्रिपर. विहिरीत ५ एचपीची थ्रीफेज सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी मोटर), ती थेट ठिबकला जोडलेली. ५००० लिटरची एक टाकी ३ मीटर उंचीच्या चौथऱ्यावर आहे, पण ती फक्त घरच्या वापराला. मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरला टायमर आहे. वीज कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही.

अडचण अशी की शनिवारी पोहोचल्यावर काही रोपं सुकलेली दिसतात आणि त्याच ओळीत मोठ्या झाडांच्या आळ्यात चिखल असतो. मोबाइलवरून चालणारा स्टार्टर बसवून हा प्रश्न सुटेल का? आणि आठवडाभर बंद राहणाऱ्या घराची काय काळजी घ्यावी?

मोटरवाला

स्टार्टरकडे नंतर वळू. तुमच्या मांडणीत पंप आणि ठिबक यांचं माप जुळत नाही, ते आधी बघा.

मोठी ७५ झाडं गुणिले १६ लिटर म्हणजे तासाला १२०० लिटर. रोपं ७५ गुणिले ४ म्हणजे ३००. सगळं एकदम चालू केलं तरी तासाला १५०० लिटरच लागतात. ५ एचपीची मोटर तासाला कित्येक हजार लिटर उचलते. ते जास्तीचं पाणी कुठेतरी जायला हवं. बायपास (जास्तीचं पाणी परत नेणारा फाटा) विहिरीत सोडलेला नसेल तर दाब वाढतो, ड्रिपर उडतात, सांधे सुटतात. ओळीत कुठे चिखल आणि कुठे कोरडं दिसण्यामागे हे एक मोठं कारण असू शकतं.

मोठ्या मोटरला फक्त टाकी भरू द्या. टाकीत फ्लोट स्विच लावा. टाकी भरली की मोटर बंद, म्हणजे ती रोज थोडाच वेळ चालेल. टाकीतून ठिबकसाठी वेगळा सिंगल फेज पंप बसवा. तासाला १५०० लिटर आणि २ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब एवढ्या कामाला अर्धा एचपी पुरतो. तो लहान इन्व्हर्टरवरही चालतो, त्यामुळे विजेच्या वेळापत्रकाशी झाडांचा संबंध तुटतो.

मोठी मोटर एकटी चालणार असेल तर तिला तीन संरक्षणं लागतातच:

१. सिंगल फेज प्रिव्हेंटर. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांतून जास्त करंट ओढला जातो आणि वाइंडिंग जळतं. लाइनचं काम झाल्यावर फेजांचा क्रम बदलला तर मोटर उलटी फिरते आणि पाणी नावापुरतंच येतं. म्हणून क्रमही ओळखणारा रिले घ्या.

२. ड्राय रन संरक्षण. सबमर्सिबल पाण्यानेच थंड होते. विहिरीची पातळी खाली गेली आणि मोटर कोरडी चालली तर आधी बेअरिंग आणि सील जातात, मग मोटर.

३. वीज आल्यावर मोटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटांचा विलंब. वीज आल्या आल्या व्होल्टेज खालीवर होत असतं.

ही तीन नसताना ऑटो स्टार्टर लावू नका. ऑटोचं काम वीज आली की मोटर सुरू करणं एवढंच. मोटर चालवणं योग्य आहे का, हे त्याला कळत नाही. तुमचा टायमरही तपासा. आत बॅटरी नसेल तर वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं, आणि पहाटे द्यायचं पाणी भर दुपारी सुटतं.

वाफसा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता झाडाच्या बाजूने हिशेब मांडतो, कारण कोणाचं पाणी चुकलेलं चालतं आणि कोणाचं नाही यावर पुढची सगळी मांडणी ठरते.

मोठं झाड: ४ मीटर घेर म्हणजे साधारण १२.५ चौरस मीटर. उन्हाळी दिवसाचं बाष्पीभवन ५ मिलिमीटर धरा आणि झाडाचा गुणांक (त्या बाष्पीभवनाच्या तुलनेत झाड किती पाणी वापरतं ते) ०.७. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, त्यामुळे रोजची गरज ४४ लिटरच्या आसपास येते. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ४९ लिटर द्यायचे. तुमच्या चार ड्रिपरना त्याला तीन तास लागतील.

आता जमिनीतला साठा बघा. मध्यम भारी जमीन मीटरभर खोलीत झाडाला घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. घेराखालची ४० टक्के जमीन ६० सेंटिमीटरपर्यंत ओली होते असं धरलं, तर ४५० लिटर होतात. त्यातलं निम्मं झाड सहज घेतं, म्हणजे २२५ लिटर, अर्थात पाच दिवसांचं पाणी. रविवारी संध्याकाळी जमीन पूर्ण भिजलेली असेल तर मधला पूर्ण आठवडा पाणी चुकलं तरी मोठं झाड तग धरतं.

रोप: मुळांचा गोळा ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल. त्यात सहज घेता येईल असं पाणी दीड लिटरच्या आसपास. मीटरभर घेराचं रोप दिवसाला अडीच ते तीन लिटर वापरतं. म्हणजे दुसरा दिवस कोरडा गेला की ते सुकायला लागतं.

रोपाला पाणी थोडंच लागतं, पण चुकलेलं चालत नाही. मोठ्या झाडाचं नेमकं उलट आहे. तुम्ही दोन्हींना एकाच व्हॉल्व्हवर ठेवलंत, ते आधी वेगळं करा. रोपांसाठी स्वतंत्र सबमेन (ओळींना पाणी पुरवणारा उपमुख्य पाइप) आणि स्वतंत्र वेळ. थोडं जास्तीचं धरून प्रत्येकी ४ लिटर दिले तर सगळ्या रोपांना मिळून दिवसाला ३०० लिटर लागतात. तुमच्या टाकीत रोपांचं १६ दिवसांचं पाणी आधीच उभं आहे!

म्हणून रोपांना टाकीतून उताराने पाणी द्या. पंप नाही, वीज नाही. यात दोन गोष्टी बारकाईने बघाव्या लागतील.

१० मीटर उंचीला १ किलो दाब मिळतो, ३ मीटरला फक्त ०.३. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. म्हणून ४ लिटरचा ड्रिपर इथे तासाला २.२ लिटरच देईल. तासाऐवजी दोन तास चालू ठेवा. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, साधेच ठेवा. उताराच्या खालच्या टोकाला दाब वाढतो, ३ मीटर खाली गेलात की प्रवाह दीडपटीच्या जवळ जातो. म्हणून लॅटरल (ड्रिपर बसवलेल्या ओळीतल्या नळ्या) उताराला आडव्या टाका आणि खालच्या ओळींना वेगळा कॉक ठेवा.

दुसरी गोष्ट टायमरची. बॅटरीवरचे बरेच टायमर पडद्याचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणारा) व्हॉल्व्ह वापरतात. तो उघडायला आणि बंद व्हायला पाण्याचा दाबच लागतो. टाकीच्या दाबावर तो अर्धवट उघडा राहतो आणि रात्रभर टाकी वाहून जाते. मोटरने फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्या आणि तो शून्य दाबावर चालतो ना हे आधी विचारून घ्या.

आच्छादन मात्र दोन्हींना हवंच. पालापाचोळा किंवा वाळलेलं गवत ८ ते १० सेंटिमीटर जाड, खोडापासून वीतभर अंतर सोडून. खोडाला टेकलं तर बुंधा कुजतो आणि वाळवीला आयती जागा मिळते.

दोन_घरं

दोघांचे मनापासून आभार. पाच दिवसांचं पाणी जमिनीतच असतं असा विचार केला नव्हता. टाकीला खालून दोन फाटे काढतो: एक रोपांना उताराने, एक अर्ध्या एचपीच्या पंपाला. पण पंपाने टाकी रिकामी केली तर रोपांचं पाणी जाईल ना?

वाफसा

म्हणून पंपाचा फाटा टाकीच्या तळाला काढू नका. तळापासून एक चतुर्थांश उंचीवर काढा. खालचे १२५० लिटर फक्त रोपांचे राहतील, चार दिवस पुरतील. पंपालाही ड्राय रन संरक्षण लावा, कारण पातळी फाट्याखाली गेली की तो हवा ओढेल. मोठ्या झाडांना दिवसाला ३७०० लिटरच्या आसपास लागतात, तेव्हा टाकी रोज भरायलाच हवी. एखाद दिवस वीज नसेल तर मोठी झाडं थांबतील, त्यांना ते झेपतं.

ठिबक_देखभाल

ओळीत मधलीच झाडं सुकतात याचं आणखी एक कारण तुंबलेले ड्रिपर. उपाय टाकण्याआधी काय तुंबलंय ते ओळखा. ड्रिपर फोडून बघा. पांढरी खरखरीत पुटं असतील तर क्षार, बुळबुळीत असेल तर शेवाळ आणि जिवाणू, बारीक माती असेल तर फिल्टर कमी पडतोय. क्षारांवर आम्ल चालतं, शेवाळावर क्लोरीन. या दोन्ही एकत्र किंवा लागोपाठ कधीच सोडू नका, विषारी वायू तयार होतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि सोबत दुसरं माणूस असतानाच हे काम करा.

शनिवारचा ठरलेला क्रम ठेवा: १२० मेशचा (जाळीच्या बारीकपणाचं माप) डिस्क फिल्टर उघडून धुवा, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, मग लॅटरलच्या एंड कॅप (टोकाची झाकणं) ओळीने सोडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. हा क्रम उलटा केला तर सबमेनचा गाळ नुकत्याच धुतलेल्या लॅटरलमध्ये जातो. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचं घड्याळ बसवा. फरक अर्ध्या किलोच्या जवळ गेला की आठवडा संपायची वाट न बघता फिल्टर धुवायचा. उंच टोकाला एअर व्हॉल्व्ह हवाच. पंप बंद झाल्यावर पाइप रिकामा होताना ड्रिपर बाहेरची माती आत ओढतात, बरेच जण इथेच चुकतात.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे साधं पाण्याचं मीटर. मोठ्या झाडांच्या फाट्यावर एक, रोपांच्या फाट्यावर एक. निघताना आकडा लिहा, आल्यावर लिहा. रोपांचा पाच दिवसांचा हिशेब १५००-१६०० लिटर. ३००० गेले असतील तर उंदराने लॅटरल कुरतडली किंवा सांधा सुटला. ६०० गेले असतील तर काही दिवस टायमर चाललाच नाही. झाड सांगायच्या आधी मीटर सांगतं.

कुंपण

मोबाइल स्टार्टरबद्दल: असावा, पण माहिती कळवण्यासाठी. त्याच्या भरवशावर झाडं ठेवू नका. तो बंद पडण्याची कारणं अगदी साधी असतात. सिमचा रिचार्ज संपतो. पत्र्याच्या पेटीत अँटेना असल्याने रेंज मिळत नाही, ती पेटीबाहेर काढा. जुन्या नेटवर्कवरच चालणारं यंत्र घेतलं तर ते नेटवर्क बंद झाल्यावर निरुपयोगी होतं.

कॅमेरा आणि राउटर लावणार असाल तर हिशेब आधी करा. दोन्ही मिळून १० वॅट, दिवसाचे २४० वॅट-तास. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे अडीच दिवस. चार तासांच्या चांगल्या उन्हात किमान १०० वॅटचं पॅनल लागेल, ढगाळ दिवसांसाठी त्याच्या दुप्पट घ्या.

यंत्रांपेक्षा जवळपास राहणारं एक माणूस महत्त्वाचं. ‘जरा लक्ष ठेवा’ असं सांगून काम होत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी दोन फेऱ्या, त्यात तीनच गोष्टी: टाकीची पातळी, रोपांच्या प्रत्येक ओळीतलं शेवटचं रोप, मीटरचा आकडा फोनवर कळवणं. याचे पैसे ठरवून, वेळेवर द्या. शेजाऱ्याच्या चांगुलपणावर वर्षभर विसंबून राहणं त्याच्यावर अन्याय आहे. बिघाड दिसला तर कोणता कॉक बंद करायचा तेही दाखवून ठेवा. दुरुस्ती तुम्ही आल्यावर होईल, पाणी वाया जाणं तेव्हाच थांबायला हवं.

घराबद्दल थोडक्यात. निघताना घराच्या पाण्याचा मुख्य कॉक आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. विजेचं पाण्यासाठीचं सर्किट वेगळं काढून घ्या, म्हणजे बाकी घराचा मेन निर्धास्त बंद करता येतो. फ्रिज रिकामा आणि कोरडा, दार किंचित उघडं. धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू आत शिरतं. त्या फटी स्टीलच्या चोथ्याने आणि सिमेंटने बुजवा, फोम उंदीर कुरतडतात. उंदीर आले की मागोमाग साप येतात, म्हणून शनिवारी आत शिरल्यावर आधी दिवा लावायचा आणि बूट झटकूनच घालायचे.

दोन_घरं

मेन वेगळा करण्याचा मुद्दा लगेच उचलतो. शेवटचा प्रश्न. बदल मोठा आहे: टाकीचे फाटे, रोपांची नवी सबमेन, लहान पंप. एका शनिवार-रविवारात होईल का? आणि मोकळ्या वाफ्यांत भाजी लावू का?

मोटरवाला

एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त रोपांची उताराची लाइन आणि टायमर, कारण धोका तिथे आहे. दुसऱ्या आठवड्यात मीटर आणि मोठ्या मोटरची संरक्षणं. लहान पंप त्यानंतर. पंप बसेपर्यंत मोठी झाडं आत्तासारखीच चालू द्या, विहिरीकडे बायपास काढून.

चिकटवायचे सगळे सांधे शनिवारी सकाळीच संपवा. पीव्हीसीचं सोल्युशन हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण दाब सहन करायला २४ तास लागतात. रविवारी दुपारी चिकटवलेला सांधा सोमवारी पहाटे टायमरने पाणी सोडलं की सुटतो, आणि बघायला तिथे कोणी नसतं. रविवारी सकाळी पूर्ण दाबाने तासभर चालवा, प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघा. दुपारनंतर नवं काहीही उघडायचं नाही.

वाफसा

भाजीत भेंडी, काकडी नको. दिवसाआड तोडावी लागते, शनिवारपर्यंत भेंडी जून होते आणि वेलावर फळ पिकलं की नवी फळं धरणं कमी होतं. लाल भोपळा, रताळी, हळद यांची काढणी आठवडाभर मागेपुढे झाली तरी चालते. वाफे रोपांच्या लाइनला जोडू नका, टाकीचा हिशेब बिघडेल. मोठ्या झाडांच्या फाट्यावर वेगळा कॉक घेऊन जोडा.