प्रिन्स एडवर्ड आयलंड: शार्लटटाउन, समरसाइड की मॉन्टेग्यू? भाड्याबाबत मदत हवी आहे

पाटवडी: पुढच्या महिन्यात आम्ही दोघे ऑन्टॅरिओहून प्रिन्स एडवर्ड आयलंड या कॅनडाच्या पूर्वेकडच्या बेटावर राहायला जात आहोत. दोन बेडरूमच्या घरासाठी शार्लटटाउनमध्ये 1,900, समरसाइडमध्ये 1,600 आणि मॉन्टेग्यूमध्ये 1,450 डॉलर भाडे सांगितले आहे. यांपैकी परवडणारे कोणते? घरमालकांना उद्यापर्यंत उत्तर हवे आहे, तेव्हा कृपया नेमके सांगावे.

खारेदाणे: नोकरी कोणत्या गावी आहे, गाडी आहे का आणि भाड्यात हीटिंग धरले आहे का, हे कळल्याशिवाय नेमके कसे सांगणार? बेटावरच्या पुष्कळ जुन्या घरांत अजून तेलाची भट्टी आहे. ऐन जानेवारीत टाकी भरून घेतली की भाड्यात वाचलेले पैसे तिथेच जातात. मॉन्टेग्यूच्या मालकांकडे गेल्या हिवाळ्यातली तेलाची बिले मागा.

पाटवडी: गाडी एकच आहे. शार्लटटाउनच्या भाड्यात हीटिंग आहे. बाकीच्यांना विचारलेले नाही.

हिशेबनीस: कॅनडात घरखर्च करपूर्व उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत असेल तर तो परवडणारा मानतात. त्या हिशेबाने 1,900 डॉलर भाड्याला वर्षाचे 76,000 उत्पन्न लागते, तर 1,600 ला 64,000. तुमचे दोघांचे मिळून किती आहे, ते तुम्ही लिहिलेच नाही.

जुनाभाडेकरू: भाडे ठरवण्याआधी आधीचा भाडेकरू किती देत होता, ते अवश्य विचारा. तिथल्या कायद्यानुसार भाडेवाढीची मर्यादा घराला लागू असते, भाडेकरूला नव्हे. त्यामुळे माणूस बदलला म्हणून भाडे मनाला येईल तसे वाढवता येत नाही. 2025 साठी ही मर्यादा 2.3 टक्के होती. अनामतही एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. करार एप्रिलअखेर संपणारा असेल तर सावध राहा, कारण उन्हाळ्यात तेच घर पर्यटकांना देण्याचा बेत असू शकतो.

पूलपलीकडचा: माझे ऐकाल तर बेटाऐवजी पुलापलीकडच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मॉन्क्टन शहरात राहा. ऑगस्ट 2025 पासून बेटाला जोडणाऱ्या कॉन्फेडरेशन पुलाचा टोल 50.25 वरून 20 डॉलरवर आला आहे.

हिशेबनीस: टोल बेटावरून परतताना द्यावाच लागतो, महिन्याचे वीस कामाचे दिवस धरले तरी 400 डॉलर झाले, पेट्रोल वेगळेच. शिवाय मॉन्क्टनबद्दल त्यांनी विचारलेले नाही.

पाटवडी: माझी नोकरी समरसाइडजवळच्या स्लेमन पार्क या औद्योगिक वसाहतीत आहे आणि यजमानांचा अभ्यासक्रम शार्लटटाउनच्या विद्यापीठात. हे आधी लिहायची गरज वाटली नव्हती.

खारेदाणे: मग मॉन्टेग्यू यादीतून काढाच, ते शार्लटटाउनच्याही पूर्वेला आहे, म्हणजे तुम्हाला रोज जवळजवळ अर्धे बेट ओलांडावे लागेल. समरसाइड घ्या. शार्लटटाउन तिथून साधारण साठ-पासष्ट किलोमीटर आहे आणि बसही जाते, मात्र फेऱ्या मोजक्याच असल्याने यजमानांच्या तासांच्या वेळा तिच्याशी जुळवून पाहा.

जुनाभाडेकरू: मला हे पटत नाही. बर्फात बस चुकली की माणूस तिथेच अडकतो. त्यापेक्षा कॉर्नवॉल गावी घर बघा, ते शार्लटटाउनला लागून पश्चिमेला आहे. तिथून शहर बसने यजमान विद्यापीठ गाठतील आणि गाडी तुम्हाला मोकळी राहील.

खारेदाणे: आणि बर्फात रोज समरसाइडपर्यंत गाडी पाटवडींनी चालवायची, असेच ना?

पाटवडी: वादळाच्या दिवशी विद्यापीठ बंद राहते, मला मात्र कामावर जावेच लागते, त्यामुळे मी कामाच्या जवळ राहणेच बरे. समरसाइडच्या मालकांना हीटिंगबद्दल आणि आधीच्या भाड्याबद्दल विचारले आहे. हीटिंग वेगळे असल्याचे त्यांनी लगेच कळवले. भाड्याच्या प्रश्नावर मात्र अजून गप्प आहेत.