प्रस्तावित खाणीभोवतीचं भूजल आणि ओढा: सुरुवातीच्या नोंदी जुळत नाहीत, मदत हवी आहे

खाणीचं खोदकाम सुरू होण्याआधी वर्षभराच्या नोंदी घ्यायच्या आहेत. पाच निरीक्षण विहिरींत ५० मिमी पीव्हीसी पाइप बसवलेत, प्रत्येकीत पाण्याचा दाब मोजणारा लॉगर आहे. अडचणी तीन:

१. लॉगरची पातळी आणि पट्टीने मोजलेली पातळी यांत १५-२० सेंमी फरक येतो आणि तो रोज बदलतो.
२. नमुना भरताना पाणी नितळ असतं, दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी तांबूस साका. अहवालात विरघळलेलं लोह जवळपास शून्य.
३. एका विहिरीत मुरूम आणि खालचा भेगाळ कातळ, दोन्हींसमोर जाळीचा (पाणी आत घेणाऱ्या बारीक फटींचा) पाइप आलाय. चालेल का?

प्रतिसाद १
पहिला फरक बहुधा हवेच्या दाबाचा. तुमचा लॉगर पाणी आणि हवा दोन्हींचा दाब एकत्र मोजत असणार. तसाच एक लॉगर पाइपात पाण्याच्या वर टांगा आणि त्याचं वाचन वजा करा. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंमी पाणी. तरीही ठरावीक फरक उरला तर लॉगर टांगलेल्या दोरीची लांबी चुकली आहे, फरक हळूहळू वाढत गेला तर दोरी सरकते आहे. पाइपाच्या काठावर कानशीने खाच पाडा आणि प्रत्येक मोजणी तिथूनच घ्या.

प्रतिसाद २
लोह गेलं कुठे? त्या साक्यात. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजासारखं खाली बसतं आणि आर्सेनिकसारखे घटक सोबत ओढून नेतं. त्यामुळे पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. खाणीच्या कामात ही चूक फार महाग पडते, कारण पुढे तुलना याच आकड्यांशी होणार.

आधी साचलेलं पाणी उपसा. ५० मिमी पाइपात मीटरभर उंचीला सुमारे २ लिटर पाणी असतं. १२ मीटर पाणी असेल तर २४ लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे ७२ लिटर उपसा. पीएच आणि विद्युतवाहकता सलग तीन वाचनांत स्थिर झाली की नमुना घ्या. विहिरीपाशीच ०.४५ मायक्रॉन गाळणीतून गाळा, मग नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. क्रम उलटला तर आम्ल गाळातले धातूही विरघळवतं. सल्फेट आणि क्षारतेसाठी बिनआम्लाची वेगळी बाटली, काठोकाठ भरलेली. सल्फेटचा आकडा नीट जपा: खडकात पायराइट (हवा-पाणी लागलं की आम्ल आणि सल्फेट सोडणारं लोह-गंधकाचं खनिज) आणि ते आम्ल मारणारा चुना दोन्ही असतील तर आधी सल्फेट वाढतं, पीएच बऱ्याच उशिरा घसरतो.

प्रतिसाद ३
तिसऱ्याचं उत्तर: नाही. दोन थरांची सरासरी पातळी मिळते, शिवाय ते भोकच एका थरातलं पाणी दुसऱ्यात नेतं. शेजारी दोन स्वतंत्र विहिरी घ्या, एक मुरमापुरती, एक कातळापुरती. खोल विहिरीत जाळीच्या वर बेंटोनाइटचा (पाण्यात फुगून भोक बंद करणाऱ्या मातीचा) किमान मीटरभर थर द्या. गोळ्या भसकन ओतल्या तर मध्येच अडकून खाली पोकळी राहते. थोड्या थोड्या टाका, वजन लावलेल्या पट्टीने खोली तपासत राहा.

ओढ्यावर ९० अंशांचा व्ही-खाचेचा बांध घाला. खाचेवर १० सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर, २० सेंमीला जवळपास २५. उंची खाचेवर मोजू नका, तिथे पाणी खचतं. थोडं वरच्या बाजूला मोजा.

प्रश्नकर्ता
आभार. मग जुन्या मिश्र विहिरीचं काय करायचं?

प्रतिसाद ३
तळापर्यंत नळी सोडून सिमेंट-बेंटोनाइटने खालून वर भरत या. तिच्या आजवरच्या नोंदी जपून ठेवा, पण पातळीच्या नकाशात घेऊ नका.