सतारीचे फोटो: आडवे पडलेले फिरवायचे की पलटायचे?

मिरजकर_तार: सतार सतरंजीवर ठेवून वरून फोटो काढले की दोनातला एक आडवा पडतो. गॅलरीत सरळ केलेलाही साइटवर चढवला की परत आडवा. शिवाय कॅटलॉगच्या पानावर काही सतारींची दांडी डावीकडे आहे, ती उजवीकडे हवी. ‘फ्लिप’ मारलं, म्हणजे आरशासारखं डावं-उजवं पलटलं, तर चालेल का?

कृष्णाकाठ: फ्लिप अजिबात नको! दांडी उजवीकडे येईल, पण तरफेच्या (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारांच्या) खुंट्या दुसऱ्या काठावर जातील आणि सतार डावखुरी दिसेल. वाजवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच पकडतं. त्याऐवजी ९०-९० अंशांत दोनदा फिरवा. १८० अंशांत दांडीची दिशा बदलते, वाद्य तेच राहतं. फक्त सावलीकडे बघा. उजेड फोटोच्या वरच्या बाजूने येत असेल तर फिरवल्यावर तो खालून आल्यासारखा दिसतो आणि फुगीर तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) खोलगट भासते. अशा वेळी सतारच फिरवून नवा फोटो काढलेला बरा.

वाई_फोटो: आडवं पडण्याचं कारण वेगळं आहे. फोन उभा की आडवा हे कॅमेरा गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ओळखतो. फोन जमिनीला समांतर झाला की त्याला काही कळत नाही, आधीचीच दिशा धरून बसतो. म्हणून आधी फोन हवा तसा उभा किंवा आडवा धरा, स्क्रीनवरची फ्लॅश-टायमरची चिन्हं सरळ झाली की मगच सतारीवर झुकवा आणि क्लिक करा. ऑटो-रोटेटचं बटण चालू-बंद करत बसू नका, ते स्क्रीनसाठी आहे.

आता साइटचं. बहुतेक फोनचा सेन्सर आडवा असतो. उभा फोटोही फाइलमध्ये आडवाच राहतो आणि सोबत एक्झिफ नोंदीत (फाइलमध्येच साठवलेल्या फोटोच्या माहितीत) आकडा जातो: १ म्हणजे आहे तसा, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवून दाखवा, ३ म्हणजे १८०, ८ म्हणजे २७०. गॅलरी हा आकडा वाचते, काही जुन्या साइट वाचत नाहीत. गॅलरीतल्या ‘रोटेट’ने कधीकधी नुसता आकडाच बदलतो, चित्र तसंच. त्यावर उपाय म्हणजे स्नॅपसीड या फोटो-एडिटिंग ॲपमध्ये उघडून किंचित क्रॉप करा आणि एक्सपोर्ट करा, म्हणजे चित्रच नव्याने लिहिलं जातं. स्क्रीनशॉट काढून चढवू नका, सतारीच्या दांडीवरच्या पडद्यांची बारीक रेघ जाते.

मिरजकर_तार: बरं. आणि सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्यात मागच्या पाटीची अक्षरं उलटी आलीत, त्याला?

कृष्णाकाठ: तिथे मात्र फ्लिपच, तोही डावं-उजवं पलटणारा; फिरवून अक्षरं कधीच सुधरणार नाहीत. आयफोनवर एडिट, मग क्रॉप, मग वरच्या डाव्या कोपऱ्यातलं दोन त्रिकोणांचं चिन्ह. पुढे असं होऊ नये म्हणून सेटिंग्ज, कॅमेरा, ‘मिरर फ्रंट कॅमेरा’ बंद करा. फ्लिप केल्यावर पाटी वाचून बघा आणि खुंट्याही बघा, दोन्ही एकाच वेळी सरळ व्हायला हवं.