मदत हवी आहे: इमू अंड्यांवरून उठत नाही, खाणंही बंद

ओसरीवरची:

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे फलटणजवळ मळ्यातल्या घरी इमूची जोडी आहे, राजा आणि राणी. २०११ च्या आसपास गावोगाव इमूची शेडं उभी राहिली होती, आठवत असेल. तेव्हा माझ्या मामेसासऱ्यांनीही जोड्या घेतल्या. पुढच्या वर्षी तमिळनाडूत पेरुंदुरैच्या इमू कंपनीने गुंतवणूकदारांना फसवल्याचं प्रकरण फुटलं आणि मग अंडी, पिल्लं, तेल, कशालाच गिऱ्हाईक राहिलं नाही. त्यांचे बाकीचे पक्षी गेले (कसे ते विचारू नका), हे दोन उरले. मामा मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा टेंपोत घालून आमच्याकडे आणून सोडले. आता ती घरचीच झालीत. सासूबाई भाजी निवडायला बसल्या की राजा मागून मान घालून मेथीची जुडी पळवतो, आणि त्या त्याला पोराला घालाव्यात तशा शिव्या घालतात.

अडचण राणीची आहे. थंडी लागली की अंडी येतात, गडद हिरवी, एकेक अर्ध्या किलोच्या वर. मामा ती लगेच उचलायचे, आम्हीही तेच करत आलो. यंदा मात्र पाचटाच्या ढिगामागे घातली, कुणाच्या लक्षातच आलं नाही. कळलं तेव्हा सात अंडी होती आणि राणी त्यावर बसलेली. त्याला आता महिना होऊन गेला. लसूणघास, कोबीचा पाला, भरडा, काहीही पुढे ठेवलं तरी तोंड लावत नाही. पाणी पिताना दिसत नाही, विष्ठाही नाही. कोंबडी खुडूक बसली तरी उतरून चार दाणे टिपते की हो! पाठीचं हाड हाताला लागायला लागलंय. राजा मात्र ठणठणीत, रात्री ढुम-ढुम करून झोपू देत नाही.

घोर लागायचं कारण दुसरंच आहे. दसऱ्याच्या सुमारास फाटकाचं वेल्डिंग झालं, तेव्हा राणीने खाली पडलेला एक नट गिळला. मुलाने डोळ्यांनी पाहिलंय. तो आतड्यात अडकला असेल का? गावातले डॉक्टर म्हणाले, "मी गाई-म्हशींचा माणूस, याला सुई कुठं टोचायची तेच मला ठाऊक नाही." जबरदस्तीने भरवावं का? शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यायचं तर एवढं धूड गाडीत घालायचं कसं?

माणदेशी_पोर:

ताई, वनखात्याला कळवलंय का? असे पक्षी घरात ठेवता येत नाहीत. अमेठीत २०२३ ला एका तरुणाने जखमी सारस वाचवून सांभाळला, तर खात्याने पक्षी नेला आणि त्याच्यावर गुन्हाही नोंदवला.

कापूसकोंडा:

@माणदेशी_पोर, सारस आणि मोर आपल्याकडचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीतले. इमू ऑस्ट्रेलियाचा, तो त्या यादीत नाही. उगाच त्यांना घाबरवू नका.

ओसरीवरची ताई, आमच्याकडे शेड होती म्हणून विचारतो. ढुम-ढुम फक्त राजाच करतो ना? आणि राणी कसा आवाज काढते? दिवसातून काही वेळा उठून चोचीने अंडी फिरवते का? जवळ गेलं की मान वर काढून गुरगुरते, की मान टाकून पडून असते?

ओसरीवरची:

हो, ढोल राजाचाच. राणी डुकरासारखी घुर्र-घुर्र करते. अंडी फिरवताना सासूबाईंनी बऱ्याचदा पाहिलंय. काल मी जवळ गेले तर अंगावर आली, पार दातखीळ बसली माझी.

कापूसकोंडा:

मग तुमची राणी नर आहे आणि राजा मादी! दिसायला दोघं सारखीच असतात, मादी जरा थोराड. गळ्यातली पिशवी फुगवून ढोल वाजवते ती मादी, नर नुसता घुरघुरतो. इमूत अंडी उबवायचं काम पूर्णपणे बापाचं. साधारण ५६ दिवस बसतो, त्या काळात जवळजवळ खात नाही, पीत नाही, विष्ठाही टाकत नाही. आधी साठवलेल्या चरबीवर जगतो आणि वजनात एक तृतीयांशापर्यंत घट होते. दिवसातून दहा-एक वेळा उठून अंडी फिरवायची, पुन्हा बसायचं. मामांनी अंडी उचलली म्हणून आजवर त्याला बसायची वेळच आली नाही. भरवायला जाऊ नका, लाथ खाल. पाय पुढच्या बाजूला येतो आणि नखं पोट फाडतील अशी असतात. पाण्याची बादली हाताच्या अंतरावर ठेवा, बास.

नटाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. चकाकतं दिसलं की इमू गिळतो: खिळे, काचा, किल्ल्या. बोथट वस्तू कधीकधी पोटात तशीच पडून राहते. पण जस्ताचा मुलामा असेल तर आम्लात झिजून विषबाधा होते. आणि पंचाईत अशी की पोट तटलेला पक्षीही खात नाही, विष्ठा टाकत नाही. ओळखायचं चालण्यावरून आणि मानेवरून. तुमचा अंगावर धावून येतोय, अंडी फिरवतोय, म्हणजे आज तरी शुद्धीत आहे. उठताना पाय लटपटले, मान लोंबली, कुंथायला लागला, तर अंड्यांचा विचार सोडून थेट एक्स-रेला न्या. आज शिरवळला फोन करून व्हिडिओ मात्र दाखवून ठेवा. न्यायची वेळ आलीच तर डोक्यावर जुना मोजा चढवायचा, पुढचं टोक कापून, चोच बाहेर राहील असा. अंधार झाला की शांत होतो. मागून-बाजूने दोघांनी धरायचं, पुढे कुणी उभं राहायचं नाही.

तूपभात:

सात अंडी म्हणजे किती ऑम्लेटं हो? (गंमत करतोय, दिवे घ्या)

चिंचोका:

मी जरा कडू बोलते. अंडी काढून घ्या. पाच पिल्लं जरी निघाली तरी करणार काय? पाळलेला इमू २०-३० वर्षं जगतो. चट्ट्यापट्ट्यांची पिल्लं तीन-चार महिने गोड दिसतात, मग पट्टे जातात आणि वर्षभरात माणसाएवढी उंच होतात. २०१२ नंतर लोकांनी हेच पक्षी माळावर सोडून दिले होते. अंडी काढली की बापही काही दिवसांत खायला लागेल.

कापूसकोंडा:

चिंचोका यांच्याशी सहमत, पण महिना उलटलाय. आत जीव धरला असेल तर आता काढणं माझ्याच्याने होणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. टॉर्च लावून बघायचा उपयोग नाही, कवच इतकं गडद की उजेड आरपार जात नाही. शेवटच्या आठवड्यात अंडं सपाट ताटलीवर ठेवून जवळ शिट्टी वाजवायची किंवा हलकं टिचकवायचं. जिवंत असेल तर डुलतं. पण ते उचलायला बापाला दोघांनी फळीआड करावं लागेल.

ठेवायचं ठरलं तर मादीला आत्ताच वेगळं करा, पिल्लं आल्यावर नर तिला जवळ फिरकू देत नाही. आणि पिल्लं फरशीवर नकोत. पाय फाकतात, मग ते सरळ होत नाहीत. माती किंवा गोणपाट.

ओसरीवरची:

सगळ्यांचे आभार. शिरवळला बोलणं झालं, व्हिडिओ बघून त्यांनी तूर्त हलवू नका म्हटलंय, पण नटाचा एक्स-रे बसणं संपल्यावर करायचाच. अंड्यांचं घरात अजून ठरत नाही. सासूबाई ठेवा म्हणतात, नवरा चिंचोका ताईंच्या बाजूने. मीही मनातून तिकडेच आहे, पण शिट्टी वाजवून बघितल्याशिवाय काढणार नाही.

राजाला (म्हणजे मादीला) वेगळं ठेवायला सहा फुटी चेनलिंक जाळी हवी आहे. नवीन परवडेना. फलटण, लोणंद किंवा बारामती भागात कुणाच्या बंद पडलेल्या शेडची जुनी जाळी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडी आमची पाठवू.