कुंडीतला चाफा तीन वर्षं झाली तरी फुलत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनी पूर्वेला. तीन वर्षांपूर्वी आईने रत्नागिरीहून पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी दिली. चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवून मगच लावली, छान धरली. आता १४ इंची कुंडीत कमरेएवढा झालाय, पानं वीतभराहून मोठी, हिरवीगार. पण कळीचा पत्ता नाही! गावचा तोच चाफा देवळामागे कुणी ढुंकून बघत नसताना लगडलेला असतो.

ऊन सकाळी ७ ते साधारण साडेदहा, बस्स. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत, शिवाय पाण्यातून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत). मला वाटतं इथेच चुकतंय, नत्रामुळे नुसती पानं सुटतायत. डिसेंबरात पानगळ झाली की मी घाबरून उलट जास्त पाणी घालायचे. यंदा ते बंद केलं.

०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) कधीपासून द्यावं? कुंडी गच्चीवर नेता येईल, पण एकदम कडक उन्हात ठेवली तर खोड भाजेल का? शेंडे छाटावेत का? फुलं शेंड्यालाच येतात, म्हणून हात धजत नाही.

जाता जाता, शेजारच्या जास्वंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. देठाशी कापसासारखं पांढरं दिसतं, पिठ्या ढेकूणच असावा. नीमतेल दोनदा फवारलं, पठ्ठ्या परत हजर.

"नर्सरीतून फुललेलाच आण" हा सल्ला घरच्यांनी आधीच देऊन झालाय.